लोथारचा खड्डा

न्युरेम्बर्गच्या मराठी मंडळात नवीन माणूस भेटला की दोन प्रश्न ठरलेले असतात. "पुण्यात कुठे?" आणि "इथे कुठल्या कंपनीत?" पहिल्याला मी "फलटण" असं उत्तर देतो, तिथेच समोरच्याचा निम्मा उत्साह मावळतो. दुसऱ्याला "नगरपालिकेत आहे, बेसबॉलचं मैदान राखतो" असं सांगतो. मग तो माणूस माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागतो, कारण पलीकडे कुणीतरी क्लाउडवाला ताटात मसालेभात घेऊन उभा असतो. त्यामुळे मंडळाच्या या अंकाच्या संपादकबाईंचा "कामातले अनुभव लिहा" म्हणून फोन आला, तेव्हा मी तो सरळ बायकोच्या हातात दिला. नीलिमा एका बड्या कंपनीत ढीगभर इंजिनिअरांची साहेब आहे. थोडं बोलून तिने फोन मला परत केला. "अहो, त्यांना तुम्हीच हवे आहात. आयटीवाल्यांचे लेख त्यांच्याकडे पोत्यानं पडलेत म्हणे."

तर माझ्या हुद्द्याला इथे प्लात्सवार्ट म्हणतात. मैदानाचा राखणदार. गवत कापायचं, माती सारखी करायची, फक्की मारायची, पावसाची चिन्हं दिसली की ताडपत्री ओढायची आणि खेळाडू घसरून पडला की शिव्या खायच्या. जर्मनीत बेसबॉल कुठून आला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर लाजू नका, तो जर्मन लोकांनाही पडतो. युद्धानंतर न्युरेम्बर्गजवळच्या आमच्या गावात अमेरिकन पलटण होती. पलटण गेली. तिने मागे ठेवलेल्या चीजवस्तूंपैकी च्युइंगगम संपलं आणि बेसबॉल उरला. फुटबॉलपायी वेड्या झालेल्या या देशात गावोगाव अशी मूठभर माणसं आहेत, जी शनिवारी दुपारी हा खेळ खेळतात. खेळाडूंपेक्षा प्रेक्षक जास्त आले तर आमच्या क्लबचे अध्यक्ष हेर (म्हणजे श्रीयुत) फोगल भावनावश होऊन भाषण करतात.

मी शेतकी पदवीधर. पुण्यात एका क्रिकेट क्लबवर खेळपट्ट्या करायचो. नीलिमाच्या कंपनीने तिला इकडे बोलावलं आणि मी तिच्या व्हिसाला जोडपत्र म्हणून आलो. वर्षभर घरात बसून भाषा शिकलो, पोळ्या शिकलो, आणि मग नगरपालिकेची जाहिरात दिसली. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, बेसबॉलची माहिती आहे ना? मी म्हणालो, हो तर. आपल्याकडे मुलाखतीत नाही म्हणायची पद्धत नाही. संध्याकाळी घरी येऊन बेसबॉल म्हणजे काय ते बघितलं आणि रात्री जेवण गेलं नाही.

कारण क्रिकेटची खेळपट्टी करणाऱ्याला या मैदानाकडे बघून रडूच येतं. आपण जन्मभर रूळ फिरवून जमीन सपाट करतो. इथे मैदानाच्या मध्यात मुद्दाम मातीचा उंचवटा करायचा, त्यावर चेंडू फेकणारा उभा राहणार. त्याच्यासमोर जमिनीत पुरलेली पांढरी पंचकोनी रबरी पाटी, तिला होम प्लेट म्हणतात. तिच्या डाव्या नाहीतर उजव्या बाजूला बॅट घेऊन खेळाडू उभा राहतो. आणि उभा राहण्याआधी तो काय करतो? खिळ्यांच्या बुटाने जमीन उकरतो. पाय घट्ट रोवायला खड्डा करतो. फेकणाराही करतो. सगळेच करतात. सामना संपला की तिथे डुकरं लोळून गेल्यासारखी दशा असते. मग मी खड्डे झाडायचे, ओले करायचे, त्यात चिकणमाती भरायची, धुम्मस करायची, वर लाल विटकरी माती पसरायची, पुन्हा पाणी, आणि वर झाकण. बघणाऱ्याला वाटतं, हा बाबा चिखल कालवत बसलाय. त्याचं काही चुकत नाही. पण पाय रोवल्यावर जी माती सरकत नाही आणि फुटतही नाही, ती तशी करायला हात लागतो. पाय घसरला नाही तर माझं कुणी नाव घेत नाही, एवढीच या कामातली कीर्ती.

पहिल्याच सकाळी मी उंचवट्याला पाणी मारत होतो, तर कुंपणापाशी एक उंच म्हातारा सायकल धरून उभा. बराच वेळ बघत राहिला. मग आत आला, गुडघ्यावर बसला, माती चिमटीत घेऊन जिभेला लावली आणि म्हणाला की पाणी जास्त झालंय. फलटणच्या माणसाला पाणी जास्त झालं म्हणून सांगणारा तो पहिला माणूस. हाच लोथार.

लोथार म्हणजे जर्मन बेसबॉलची दंतकथा. असं मी म्हणत नाही, क्लबच्या भिंतीवर तसं मोठ्या अक्षरांत रंगवलंय. आता जर्मनीत बेसबॉलची दंतकथा होणं म्हणजे साताऱ्यात आइस हॉकीचा महर्षी होण्यापैकी आहे. बेकरीत पाव घ्यायला गेला तर त्याला कुणी ओळखायचं नाही, आणि मैदानाच्या फाटकातून आत आला की चाळिशीचे बाप्ये उठून उभे राहायचे. लहानपणी पलटणीच्या कुंपणाबाहेर उभा राहून तो सैनिकांचे बाहेर आलेले चेंडू परत फेकायचा. एक दिवस एका सार्जंटने त्याला आत बोलावून बॅट दिली. पुढे तो देशाकडून खेळला. अमेरिकेहून माणूस त्याला न्यायला आला होता, हे खरं आहे, मी खात्री करून घेतलीय. हा गेला नाही. का? तर हीटर बसवण्याच्या कामाची त्याची उमेदवारी पुरी व्हायची होती, आणि अर्धवट सोडलेल्या माणसाला जर्मनीत पुढे कोण विचारणार! जगज्जेता व्हायची संधी आली आणि हा पाइपला आटे पाडत बसला. मी एकदा विचारलं, पश्चात्ताप होत नाही? तो म्हणाला, त्या वर्षी थंडी फार होती, लोकांना हीटर हवे होते.

त्याचा सगळ्यात मोठा फटका म्हणजे रेल्वेचा फटका. चेंडू कुंपणावरून गेला, झाडांवरून गेला आणि रुळांवरून चाललेल्या मालगाडीच्या उघड्या डब्यात पडला. मी नोकरीला लागलो तेव्हा ती मालगाडी न्युरेम्बर्गला गेली होती. पुढच्या दोन-तीन हंगामांत ती कोलोनला पोचली. शेवटी ऐकलं तेव्हा चेंडू बंदरातून जहाजावर चढला होता. रूळ मैदानापासून किती लांब आहेत ते मी रोज बघतो. पण दंतकथेला टेप लावू नये एवढं मलाही कळतं. लोथार स्वतः त्या फटक्याबद्दल अवाक्षर काढायचा नाही. नुसता मिशीत हसायचा.

मला मात्र त्याची दंतकथा नको होती, कारण तिचा वारसा मला भरावा लागायचा. लोथार डावखुरा. होम प्लेटच्या डावखुऱ्यांच्या बाजूला उभं राहताना तो मागच्या पायाच्या टाचेने खोल, तिरका खड्डा करायचा. अर्धा बूट आत जाईल असा. खेळ सोडल्यावर तो मुलांना शिकवायला लागला आणि मुलांनी त्याच्याकडून चेंडू मारायच्या आधी टाच मारणं उचललं. मग त्या मुलांची मुलं. गावातली सगळी पोरं, डावखुरी आणि उजवी, तशीच टाच मारतात. इतर मैदानांवर जेवढी माती मोसमात लागते तेवढी मला एकट्या त्या जागेला लागते. सोमवारी सकाळी मी तो खड्डा भरत असलो की म्हातारा बाकावर बसून सूचना करायचा.

"तो कशाला बुजवतोस? ती माझी जागा आहे."

मी म्हणायचो, तुमची असेल, पण पगार मला ती बुजवायचा मिळतो. मग तो खूष व्हायचा. आमचं भांडण हीच आमची मैत्री होती. माझी मुलगी ईशा लहान असताना शाळा सुटल्यावर मैदानावर यायची. मी तिच्याशी मराठीत बोलायचो, ती मला जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि लोथारला वाटायचं की दोन्ही बाजूंचं त्यालाच कळतंय. तिला चेंडू झेलायला त्यानेच शिकवलं. ती टाचही मारते, दुसरं काय.

मग त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं. उन्हाळ्यात तो परत आला तो सायकलशिवाय, मुलीच्या मोटारीतून. बाकावर बसला. मी नळी गुंडाळत होतो. तो होम प्लेटकडे बोट करून म्हणाला, मी गेलो की माझी राख तिथे पुर. खड्ड्यात. तू रोज माती भरतोस, एक दिवस मला भर.

आता यावर आपण काय म्हणतो? समोर आजारी म्हातारा माणूस, डोळ्यात आर्जव. आपण "अहो, असं काय बोलता, तुम्हाला काय होतंय" म्हणतो, आणि तरी ऐकत नसेल तर "हो हो, बघू" म्हणतो. जर्मनमध्ये हो म्हणायला 'या' म्हणतात. मी म्हणालो, "या या, करू की."

ज्यांचं बालपण महाराष्ट्रात गेलंय त्यांना या "हो हो, करू की"चा अर्थ समजावायची गरज नाही. पाहुणे "या एकदा घरी" म्हणतात, आपण "हो हो, येऊ की" म्हणतो, आणि दोन्ही घरं निर्धास्त राहतात. तो होकारही नसतो आणि नकारही नसतो, समोरच्याच्या मनाला बरं वाटावं म्हणून ठेवलेला हात असतो तो. पण जर्मन माणसाला हा प्रकार ठाऊकच नाही. त्याच्याकडे हो म्हणजे हो. लोथारने माझा हात हातात घेतला, घट्ट दाबला आणि सोडला. इथे जुन्या मोटारी विकल्या जातात त्या असा हात देऊन. पुढच्या शनिवारी क्लबातला प्रत्येक माणूस येऊन माझी पाठ थोपटून गेला. हेर फोगल तर म्हणाले, हे मोठं मन आहे हेर साळुंखे, लोथारने सगळ्यांना सांगितलं, की त्याचं आता ठरलंय.

मी घरी येऊन नीलिमाला सांगितलं. ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "माझ्या आईला पण तुम्ही इतकी वर्षं 'हो हो, बघू'च म्हणताय. तिला समजतं म्हणून बरंय."

मी मनात म्हटलं, म्हातारा ठणठणीत आहे, तोवर बघू. पुन्हा बघूच.

आणि कायदा काय म्हणतो ते मला माहीत नव्हतं. आपल्याकडे राख घरच्या माणसांच्या हातात देतात, पुढे नदी आहे, समुद्र आहे, कुणी शेतात आंब्याच्या बुडाशीही टाकतं. माझ्या वडिलांची राख मीच पंच्यात बांधून नेली होती. मला वाटलं, मैदानात मूठभर राख पुरायला कुणाची हरकत असणार? बाउहोफ म्हणजे नगरपालिकेचं कामगारांचं आवार. तिथे उवे नावाचा माझा सोबती आहे, दफनभूमीत कबरी खणायचं काम करतो. त्याला मी सहज विचारलं, तर तो हातातला ब्रेड खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. आमच्या राज्यात मेलेल्या माणसाने दफनभूमीतच राहायचं असतं. राखेनेसुद्धा. ती घरी नेता येत नाही, बागेत पुरता येत नाही, कलश थेट दफनभूमीत जातो. आणि नगरपालिकेच्या नोकराने नगरपालिकेच्या मैदानात माणूस पुरला, तर त्याला दुसऱ्या दिवशी मैदान राखायला बोलावत नाहीत, असं उवेने शांतपणे सांगितलं.

याच सुमारास मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात चिचुंद्रीच्या चुलतभावासारखा एक प्राणी शिरला. जमिनीखालून बोगदे करतो आणि जागोजागी मातीचे ढीग वर काढतो. मी पिंजरा आणायला निघालो, तर साहेबांनी थांबवलं. हा प्राणी संरक्षित आहे. त्याला मारता येत नाही, पकडता येत नाही, त्रासही देता येत नाही. त्याने स्वखुशीने जावं अशी फक्त इच्छा बाळगता येते. म्हणजे ज्याला मैदानाखालून हलवायचं होतं त्याला हलवायची परवानगी नाही, आणि ज्याला मैदानाखाली यायचं होतं त्याला यायची परवानगी नाही. लोथारला हे सांगितलं तेव्हा तो खोकला येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "पण तू कबूल केलंयस."

मी नाही सांगायला हवं होतं. तेव्हाच, तिथेच. म्हातारा एवढा निर्धास्त दिसत होता, की त्याची झोप मोडायचं धैर्य मला झालं नाही.

लोथार गेला तो हंगाम सुरू व्हायच्या जरा आधी. मैदानावर मी हिवाळ्याचं झाकण काढत होतो आणि फाटकातून त्याची मुलगी कारिन येताना दिसली. तिच्या चालण्यावरूनच मला समजलं. कारिन शाळेत गणित शिकवते, रडणारी बाई नाही. तिने मला हकीकत सांगितली: आदल्या दिवशी दुपारी गेला, त्रास झाला नाही. मग ती म्हणाली, "शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की हेर साळुंखेंचं नक्की आहे ना. मी हो म्हणाले. मला माहीत आहे, कायद्याने ते होणार नाही. पण त्यांना मी काय सांगणार होते?"

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. जन्मभर हो म्हणजे हो मानणाऱ्या घरातली ती गणिताची बाई, तिनेही शेवटी बापाला आमच्यासारखंच हो म्हटलं होतं.

त्या आठवड्यात माझी जी अवस्था झाली ती मी कुणा क्लाउडवाल्याला सांगू शकलो नसतो. हेर फोगल येऊन गेले. ते करसल्लागार आहेत. म्हणाले, आल्झो, म्हणजे असं बघा, अध्यक्ष म्हणून मला यातलं काही माहीत नाही, आणि माणूस म्हणून माझा तुमच्यावर विश्वास आहे. हात झटकायची इतकी सुबक रीत मी पाहिली नव्हती. आमच्या साहेबांच्याही कानावर गेलं असावं, कारण त्यांनी मला सगळ्यांदेखत विचारलं, की होम प्लेटपाशी यंदा काही खणायचं काम आहे का. मी नाही म्हटलं. यावेळी मात्र नाही म्हणायला जमलं. आणि मग दिवसभर मला वाटत राहिलं, की मी लोथारला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. तो माणूस मला आवडायचा. रोज सकाळी माझ्या कामाकडे नीट बघणारा दुसरा कुणी नव्हता, आणि अशा माणसाला मी पोकळ शब्द दिला होता.

संध्याकाळी मी जेवणावर बसलो नाही. नीलिमाने लॅपटॉप मिटला, म्हणजे प्रकरण गंभीर. मी म्हणालो, राख तिथे नेता येत नाही, काही केल्या येत नाही. ती म्हणाली, "मग तिथली माती इकडे न्या."

"म्हणजे?"

"अहो, इथेही मूठमाती देतातच की. माझ्या ऑफिसातले श्मिट गेले तेव्हा आम्ही सगळ्यांनी दिली नव्हती का? वाडगं भरून माती ठेवली होती. ती कुठली असते?"

ती कुठली असते हे मी दुसऱ्या दिवशी उवेला विचारलं. त्याने सांगितलं, पोत्यातली असते, बागकामाच्या दुकानातली. ती बदलली तर? उवे म्हणाला, उद्या सांगतो. आणि खरंच, त्याने सगळे नियम काढून वाचले. दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता म्हणाला, कबरीवर कुठलं फूल, दगड किती उंच, मेणबत्ती कशातली, सगळं लिहिलंय. वाडग्यातली माती कुठली असावी, याबद्दल एक शब्द नाही. जर्मन माणूस नियम मोडत नाही, पण नियम जिथे संपतो तिथे तो आरामात टेकून उभा राहतो.

अंत्यविधीच्या दिवशी सकाळी मी होम प्लेटच्या डावखुऱ्यांच्या बाजूला गुडघे टेकले आणि माझ्याच हाताने, माझ्याच धुम्मसाने बसवलेली माती उकरली. वरची लाल, खालची घट्ट चिकण. तिरका खड्डा, टाचेच्या मापाने. आजवर भरलेला प्रत्येक थर मला ओळखीचा होता. बादली भरली आणि सरळ दिवसाउजेडी, नगरपालिकेच्या गाडीतून दफनभूमीत घेऊन गेलो. उवेने वाडगं रिकामं करूनच ठेवलं होतं.

कलश उतरवला. पाद्री नव्हता, हेर फोगल बोलले. मालगाडीचा उल्लेख झाला. गाडी या खेपेला कुठे गेली ते मी ऐकलं नाही, कारण माझं लक्ष वाडग्याकडे होतं. पहिली कारिन पुढे गेली. तिने हात घातला आणि थबकली. दफनभूमीतली माती काळी असते आणि हिच्या हातात लाल होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग मूठ सोडली. तिच्या मागे क्लबातले म्हातारे होते, काळे कोट घालून, काही काठी टेकत. लोथारचा जुना जोडीदार गुंथर पुढे झाला. त्याने माती उचलली, आणि नकळत दोन्ही तळव्यांवर चोळली. बॅट हातातून निसटू नये म्हणून खेळाडू चोळतात तशी. मग त्याच्या मागचा. मग त्याच्या मागचा. काळ्या कोटांतली ती रांग, एकेक जण माती उचलतोय, दोन्ही हात चोळतोय, आणि मग खाली सोडतोय. ईशाने पण चोळली. माझी पाळी आली तेव्हा मला पुढचं नीट दिसत नव्हतं.

लोथारला मी एकदाही खेळताना पाहिलं नाही. त्याच्या फटक्याचं मला सोयरसुतक नव्हतं. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की चेंडू डब्यात पडला असेलही.

सगळे गेल्यावर कारिन माझ्याजवळ आली. हात अजून लाल होते. ती म्हणाली, "ठरलं होतं त्याच्या उलट झालं."

मी म्हणालो, "आमच्याकडे बघू म्हटलं की साधारण असंच होतं."

ती हसली आणि मग रडली. रडणारी बाई नाही, असं मी वर म्हटलंय, ते मागे घेतो.

उवेने खड्डा बुजवला. कलशाने जागा घेतली की तेवढी माती वर उरते. ती त्याला टाकायला न्यावी लागणार होती. मी म्हणालो, दे इकडे, बादली रिकामीच आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, नियमांची उजळणी केली असावी, आणि फावड्याने माझी बादली भरली. माती म्हणजे माती, तिच्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

दुपारी मी ती होम प्लेटजवळच्या खड्ड्यात भरली. धंद्यातल्या कुणी बघितलं असतं तर मला कामावरून काढलं असतं. दफनभूमीची माती, काळी, भुसभुशीत, पालापाचोळ्याची. ती बांधून राहत नाही, धुम्मस कितीही करा, पाय दिला की दबते. वर लाल थर पसरला, पाणी मारलं आणि झाकण घातलं. आयुष्यात जाणूनबुजून वाईट केलेलं हे माझं एकमेव काम.

हंगाम सुरू झाला. पहिल्याच सामन्यात डावखुरा खेळाडू उभा राहिला, टाच मारली आणि अर्धा बूट आत गेला. त्याच जागी, तसाच तिरका. तेव्हापासून दर शनिवारी जातो. सोमवारी मी तो भरतो, पण खालची माती काढत नाही. पाऊस झाला की तेवढा तुकडा दोन दिवस ओला राहतो. पाहुणे संघ कुरकुर करतात. आमची पोरं कुरकुरत नाहीत. त्यांना तिथेच उभं राहायचं असतं.

मध्यंतरी हेर फोगल आले. होम प्लेटपाशी उभं राहून त्यांनी बुटाने ती जागा दाबून बघितली. म्हणाले, "हेर साळुंखे, ही जागा अजून मऊच आहे. पाय रुततो. नीट कराल ना?"

मी नळी गुंडाळत होतो. "या या," मी म्हणालो, "करू की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली त्या खड्ड्याकडे बघितलं, बराच वेळ. मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि परत घातली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले, "घाई नाही."